अर्जात शेजाऱ्यांचा रकाना नाही

प्रति,
मा. आयुक्त तथा प्रशासक,
महानगरपालिका.

विषय : आमच्या गल्लीतील १९ जानेवारी २०२५ च्या कार्यक्रमास परवानगी नाकारल्याबाबत.

महोदय,

या पत्राची सही केलेली प्रत शहराच्या, प्रभागाच्या आणि गल्लीच्या नावासकट आपल्या आवक-जावक विभागात दिली आहे. पोचपावती माझ्याकडे आहे. इथे नावं गाळली, कारण माझं भांडण कुणा एका टेबलाशी नाही. मी स्वतः टपाल खात्यात ३१ वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसले. बाहेरून येणारा वैताग कसा असतो ते मला ठाऊक आहे, त्यामुळे तो शक्यतो न करता लिहिते.

आपल्या कार्यालयाचं उत्तर २ डिसेंबरला मिळालं. चार ओळींचं. पहिल्या तीन ओळींत, सदर रस्ता सार्वजनिक वाहतुकीसाठी असल्याने खासगी स्वरूपाच्या कार्यक्रमासाठी बंद करता येणार नाही, असं. चौथ्या ओळीत सल्ला, की त्याच रविवारी महापालिकेतर्फे डी. पी. रोडवर नागरिकांसाठी रस्ता महोत्सव होणार आहे, त्याचा लाभ घ्यावा.

त्यातला 'खासगी' हा शब्द घशाखाली उतरेना, म्हणून हे पत्र.

आधी गल्लीबद्दल. लांबी जेमतेम २०० मीटर, अकरा इमारती, एक बैठी चाळ, एक पिठाची गिरणी, इस्त्रीची टपरी, डेअरी. एक तोंड मोठ्या रस्त्याला, दुसरं नाल्याला. म्हणजे या गल्लीतून कुठेही जाता येत नाही. जो आत येतो तो इथलाच असतो, नाहीतर चुकलेला.

नोव्हेंबर २०१७ मध्ये एका रात्री दोनच्या सुमाराला आमच्या इमारतीत जिन्याखालचा मीटरबॉक्स पेटला. धूर वर चढला, आम्ही मिळेल त्या कपड्यांत खाली धावलो. अग्निशमन दलाची गाडी लवकर आली, त्यांनी काम चोख केलं. त्यातल्या एका जवानाने विचारलं, "सगळे खाली आले का?" आम्ही चाळीसेक माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. कोण आलंय ते दिसत होतं. कोण आलेलं नाही, ते कुणालाच सांगता येईना. मी त्या इमारतीत १९९४ पासून राहते. पिनकोडवरून गाव ओळखणारी बाई मी, आणि माझ्याच डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर किती माणसं झोपतात हे मला माहीत नव्हतं. शेवटी टपरीत झोपणारा इस्त्रीवाला बोलला, "तिसऱ्या मजल्यावर डावीकडचे आजोबा. रात्री कानातलं मशीन काढून ठेवतात." त्यांच्या शर्टांच्या खिशात मशीनचे सेल सापडायचे, त्यावरून त्याला माहीत. जवान वर गेले आणि आजोबांना घेऊन आले. आजोबांनी तेवढ्यातही कोट चढवला होता.

त्यानंतरच्या संक्रांतीला, जानेवारी २०१८ मध्ये, आम्ही पहिल्यांदा गल्लीचा दिवस केला. संक्रांत ते रथसप्तमीच्या मधला एक रविवार, सकाळी ७ ते ११. स्टेज नाही, स्पीकर नाही, पाहुणे नाहीत. गल्लीत गणपती बसतो, वर्गणी सगळे देतात, पण आरतीला उभं राहिलं की तोंड गणपतीकडे असतं, शेजाऱ्याकडे नसतं. आम्हाला समोरासमोर बसायचं होतं.

शनिवारी रात्री दुचाक्या नाल्याच्या बाजूला सरकतात, चारचाक्या जवळच्या मंगल कार्यालयाच्या आवारात. मालक पैसे घेत नाही, तिळाची वडी घेतो. सकाळी साडेसहाला गल्लीच्या तोंडाशी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि मध्ये सुतळी. झालं बॅरिकेड. मग गिरणीवाले काका त्यांचा डबा आणतात. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा, त्याला खिळ्याने एका ओळीत पाडलेली भोकं, आत चुन्याची पूड. डबा हातात धरून ते डांबरावर लंगडीची घरं आखत जातात, वाकत नाहीत, डबा नुसता हलवतात आणि रेघ सरळ पडते. पोरं मागे मागे. त्यांच्या पिठाच्या धंद्यातलं काहीतरी मनगटात उतरलंय, असं मला दरवर्षी वाटतं.

खाणं ज्याचं त्याने आणायचं. चाळीतून बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी, सात नंबरमधल्या तमिळ घरातून पोंगल, इस्त्रीवाल्याच्या घरून दही-चुडा. एकाच सणाची तीन नावं एका टेबलावर, आणि वर गूळपोळी. वीज मंडळातून निवृत्त झालेले एक गृहस्थ पाट टाकून बसतात आणि लोकांचे मिक्सर दुरुस्त करून देतात. हळदीकुंकवाला ज्यांना बोलावणं जात नाही अशा बायका आमच्या गल्लीत नऊ आहेत, त्यातली एक मी. इथे बोलावण्याचा प्रश्नच येत नाही, दार उघडलं की आपण आलो.

आणि वही. २०० पानी, पुठ्ठ्याची, गिरणीत टांगलेली असते. प्रत्येक घराचं एक पान. कोण राहतं, रक्तगट काय, ऐकायला कुणाला कमी, जिना कुणाला चढवत नाही, जादा किल्ली कुणाकडे. दरवर्षी त्या रविवारी पानं नवी होतात. व्हॉट्सअॅपवर टाकायची नाही हा नियम आहे आणि तो आजवर मोडलेला नाही, याचं मला आपल्या सगळ्या योजनांपेक्षा जास्त कौतुक आहे. गेल्या उन्हाळ्यात रात्री वीज गेली तेव्हा ऑक्सिजनच्या मशीनवर असलेल्या बाईंचं घर कुठलं आणि इन्व्हर्टर कुणाकडे, हे शोधायला चार मिनिटं लागली. अंधारात, टॉर्चच्या उजेडात, त्याच वहीवरून.

कोविडची दोन वर्षं सोडली तर पाच वेळा हा दिवस झाला. यंदाचा सहावा. त्याला आपण खासगी म्हणता.

आता तक्रारी.

पहिली, अर्जाची. २०२० पर्यंत नगरसेवक होते, त्यांच्या एका फोनवर काम व्हायचं. तीही काही फार आदर्श पद्धत नव्हे, मान्य. नंतर प्रशासक आले आणि आम्हाला रीतसर अर्ज करायला सांगितलं, त्याचा मला आनंदच झाला, कागद माझ्या हाताखालून गेलेत. पण काउंटरवर जे झालं ते असं :

"मंडळाचं नाव?"

"मंडळ नाही. शेजारी आहोत."

"नोंदणी क्रमांक?"

"शेजाऱ्यांचा नसतो."

"मग अध्यक्ष कोण लिहू?"

मुलगा तिशीचा असेल, स्वभावाने चांगला. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. कार्यक्रमाचा प्रकार : धार्मिक, राजकीय, सांस्कृतिक, व्यावसायिक, चित्रीकरण, इतर. बराच विचार करून त्याने 'इतर' निवडलं, आणि संगणकाने 'इतर'ला व्यावसायिकाचा दर लावला. चार तास चटईवर बसण्याचे ६,५०० रुपये आणि वर १०,००० अनामत. आम्ही अकरा इमारतींतून गोळा करून भरले. अनामत सात महिन्यांनी परत आली, त्यासाठी पाच फेऱ्या. हे २०२३ चं. २०२४ ला तेच पुन्हा. यंदा पैसे भरायची तयारी असूनही नकार. म्हणजे दोन वर्षं आम्ही व्यावसायिक होतो, आता खासगी झालो. सार्वजनिक होण्यासाठी नक्की काय करावं लागतं, ते एकदा लेखी कळवावं.

हा शब्द मी उगाच धरून बसले नाही. गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणपती बसतो, तो सार्वजनिक गणेशोत्सवातला अगदी जुना. एका चाळीतली माणसं एकत्र आली आणि त्याला आपण सगळ्यांनी सार्वजनिक म्हटलं. नोंदणी क्रमांक विचारत बसलो असतो तर ते वर्ष वायाच गेलं असतं.

दुसरी तक्रार वाहतुकीच्या कारणाची. वर लिहिलंच की या गल्लीतून वाहतूक कुठेही जात नाही. तरी धरून चालू की जाते. मग गेल्या मे-जूनमध्ये गटाराच्या कामासाठी हीच गल्ली ४१ दिवस खोदून ठेवली होती, तेव्हा ती वाहतूक कुठे होती? काम गरजेचं होतं, आम्ही फळ्यांवरून चाललो, कुणी हूं की चूं केलं नाही. लग्नाचे मांडव पडतात, प्रचाराच्या सभा होतात, वाढदिवसाच्या कमानी लागतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ मध्ये ठरावीक रस्त्यावर वाहनांना तात्पुरती बंदी घालण्याची तरतूद आहे, आणि बंदी महिनाभराच्या आतली असेल तर राजपत्रात छापण्याचीही गरज नाही, स्थानिक पातळीवर प्रसिद्धी दिली की पुरे. वाहतूक शाखा याच कलमाखाली वर्षभर अधिसूचना काढत असते. महिन्याची सोय असलेल्या कायद्यात आमचे चार तास बसत नाहीत, हे कसं?

रुग्णवाहिकेचं काय, असं मला तोंडी विचारण्यात आलं. प्रश्न रास्त आहे. गेल्या वर्षी सव्वानऊला दोन नंबरमधल्या गृहस्थांना डायलिसिसला न्यायला गाडी निघाली. कुणीतरी "गाडी!" म्हणून ओरडलं. चटया दोन्ही टोकांना धरून उचलल्या, कॅरम दोघांनी आडवा धरला, लंगडीतली पोरं एका पायावरच कडेला सरकली. गाडी जाताना खिडकीतून आत तिळगूळ गेला. एवढ्याला लागलेला वेळ मी मोजला नाही, पण ड्रायव्हरला दुसरा गिअर टाकायला मिळाला. एरवीच्या रविवारी दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असतात तेव्हा तीच गाडी रिव्हर्स घेत घेत बाहेर पडते. म्हणजे रुग्णवाहिकेसाठी वर्षातला सगळ्यात सोयीचा दिवस कुठला असेल तर हाच.

तिसरी तक्रार महोत्सवाबद्दल, आणि इथे मला जरा सविस्तर लिहू द्या, कारण गैरसमज होण्याची शक्यता इथेच जास्त.

मोठे रस्ते लोकांसाठी मोकळे करण्याला माझा विरोध नाही. कोलंबियात बोगोटा शहरात १९७४ पासून रस्ते गाड्यांना बंद करून लोकांना देतात, आता दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी शंभरावर किलोमीटर. आपल्याकडे गुरुग्रामला २०१३ मध्ये राहगिरी सुरू झाली, मुंबई पोलिसांनी २७ मार्च २०२२ पासून काही रस्ते रविवारी सकाळी मोकळे केले, पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन होतो. लक्ष्मी रस्त्यावर मी बहिणीबरोबर एकदा मुद्दाम गेले होते. भर रस्त्यातून, हॉर्नशिवाय, मान वर करून चालताना जुन्या इमारतींचे सज्जे पहिल्यांदा नीट दिसले. फार बरं वाटलं. पण चालून घरी आलो, तेवढंच. त्या दिवशी आमची ओळख फक्त एका साडीच्या दुकानदाराशी झाली, तीही महागात पडली.

पॅरिसमध्ये मात्र १९९९ साली सतराव्या विभागात वेगळंच सुरू झालं. आतानाझ पेरीफाँ नावाचे तिथले एक लोकप्रतिनिधी. त्यांच्या भागात एक वृद्ध बाई घरात मरण पावली आणि कित्येक महिने कुणाला पत्ताच नाही. त्यातून त्यांना शेजाऱ्यांचा दिवस सुचला. पुढच्याच वर्षी तो देशभर गेला. त्यात महोत्सव नाही. आपापल्या इमारतीच्या अंगणात टेबल मांडायचं, घरून काहीतरी आणायचं. त्या बाईची गोष्ट मी वाचली तेव्हा मला आमचे कोट घातलेले आजोबा आठवले. आमच्याकडे इस्त्रीवाला होता, तिथे नव्हता, एवढाच फरक.

डी. पी. रोडवरच्या आपल्या महोत्सवाची पत्रिका मी पाहिली. स्टेज, एलईडी पडदा, झुंबा, प्रायोजकांचे स्टॉल, सेल्फी पॉइंट, उद्घाटन, सत्कार. जरूर करा. तरुण मुलं येतील, नाचतील, त्यांनाही जागा हवीच. पण आमच्या गल्लीपासून डी. पी. रोड सव्वादोन किलोमीटर आहे. आजोबा आता ८९ वर्षांचे आहेत, ते तिथे जाणार नाहीत. गेले तरी दहा हजारांच्या गर्दीत त्यांच्याकडे घराची जादा किल्ली कोण मागून घेणार? गर्दी भाड्याने मिळते, आपल्याला माहीत आहे. शेजार तसा मिळत नाही. आणि एकाच्या नावाखाली दुसरा बंद करण्याचं काही कारण मला तरी दिसत नाही. आमच्या गल्लीला आपल्या महोत्सवाची स्पर्धा करायची नाही, सुतळी पाच रुपयांची आहे.

आमच्याही चुका सांगते, नाहीतर त्या दुसरं कुणी सांगेल. पहिल्या वर्षी कागदी प्लेटी वापरल्या आणि त्या गटाराच्या जाळीत अडकल्या, आपल्या सफाई कामगारांना दोन दिवस त्रास झाला. दुसऱ्या वर्षीपासून ज्याची ताटली त्याने घरून आणायची. २०१९ मध्ये एकाने उत्साहात ब्लूटूथ स्पीकर लावला, चार नंबरमध्ये दहावीचा मुलगा होता, त्याच्या आईने येऊन बंद केला. तेव्हापासून स्पीकर नाही. पार्किंगवरून वर्षभर बोलत नसलेली दोन घरं आहेत, ती त्या दिवशीही एकमेकांशी बोलत नाहीत. तिळगूळ घेतात, गोड बोलत नाहीत. तेवढं आम्हालाही जमलेलं नाही.

आता मागण्या.

१. २ डिसेंबरचा नकार मागे घ्यावा आणि १९ जानेवारीला सकाळी ७ ते ११ परवानगी द्यावी. एका बाजूने गाडी जाईल एवढी पट्टी पूर्ण वेळ मोकळी ठेवण्याची लेखी हमी आम्ही देतो.

२. परवानगीच्या अर्जात 'रहिवासी' असा वेगळा प्रकार घालावा. ज्या गल्लीतून पुढे रस्ता जात नाही, जिथे स्टेज, स्पीकर, विक्री आणि जाहिरात नाही, तिथे वर्षातून एका सकाळसाठी भाडं आणि अनामत माफ असावी. दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या सह्या घ्या, नोंदणी क्रमांक मागू नका.

३. या परवानगीसाठी मुदत ठरवावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा आहे आणि 'आपली सेवा आमचे कर्तव्य' हे वाक्य आपल्याच कार्यालयात पाण्याच्या कूलरच्या वर लावलेलं आहे. त्याखालच्या अधिसूचित सेवांमध्ये ही एक घालण्याचा प्रस्ताव पाठवावा. पंधरा दिवस पुष्कळ झाले. प्रभाग, वाहतूक शाखा, पोलीस ठाणे, अग्निशमन असा चार ठिकाणचा फेरा अर्जदाराऐवजी कागदाने मारावा. टपालाचं काम केलंय म्हणून सांगते, कागदाला पाय दुखत नाहीत.

४. रस्ता महोत्सवाचा खर्च आणि प्रायोजकांची रक्कम संकेतस्थळावर टाकावी. त्यातून फक्त ५० बॅरिकेड घेऊन प्रत्येक प्रभाग कार्यालयात ठेवता येतील का, जी मागेल त्या गल्लीला एका दिवसासाठी मिळतील, एवढं तपासावं.

५. नकारच कायम ठेवायचा असेल तर कारण लेखी द्यावं, पण 'खासगी' हे कारण सोडून.

उत्तर १० जानेवारीपर्यंत मिळालं तर तिळाची मोजदाद करता येईल. ते न मिळाल्यास १९ तारखेला आम्ही रस्त्यावर चटई टाकणार नाही. नियम मोडण्याची माझी नोकरीतही सवय नव्हती. प्रत्येक जण आपापल्या फाटकाच्या आत खुर्ची टाकून बसेल, तोंड रस्त्याकडे करून. वही हातोहात फिरेल. गिरणीवाल्या काकांना डबा आणू नका म्हणून सांगितलं आहे, ते ऐकतील याची खात्री नाही. फाटकाच्या आत बसायला परवानगी लागते का, हे मी त्या काउंटरवरच्या मुलाला विचारून घेतलं. त्याने स्क्रीनवर बराच वेळ शोधलं आणि म्हणाला, "मॅडम, त्याचा प्रकारच नाहीये इथे."

आपली,
गल्लीतली एक रहिवासी
(टपाल खात्यातून निवृत्त)
डिसेंबर २०२४